पूर्वेकडचे आठ दगड

१२ जानेवारी २०२५, रविवार

मैत्री काल संध्याकाळी पुण्याहून आली. दोन बॅगा, लॅपटॉप आणि एक पत्र्याची पेटी. पेटी रिक्षावाल्याला उचलेना. "काय भरलंय हेच्यात, बाई? दगडं?" त्यानं चेष्टेनं विचारलं. दगडंच होती.

प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहायला महिनाभर राहणार आहे. तिला मागची खोली दिली. सहाला उठणे, आठला टेबलाशी, दुपारी फोन बंद.

"आक्का, मी एकोणतीस वर्षांची आहे."

"मग सहाला उठायला हरकत नसावी."

हसली. तिचा बाप बुद्धप्रिय असाच हसायचा. माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा ही सहा वर्षांची होती. हिची आई त्याच्याही आधी गेलेली. तेव्हापासून टिळकवाडीतल्या या घरात आम्ही दोघीच. मी मुख्याध्यापिका आणि ती माझ्याच शाळेत, त्यामुळे तिला दोन्हीकडे माझाच ओरडा.

सकाळी दुधाचं पातेलं उतरवत होते, तर माझ्या हातातून काढून घेतलं. मनगट थंडीत थोडं दुखतं, एवढंच. मागच्या ऑगस्टात अंगणात पाय घसरला, हाड मोडलं, प्लास्टर घातलं, निघालं. त्याला आता पाच महिने होत आले. सांगून टाकलं, मला पांगळी समजायचं नाही.

१५ जानेवारी, बुधवार

प्रबंध वाचायला घेतला. इंग्रजी बरं आहे, स्वल्पविराम वाटेल तिथे. लाल पेन काढलं.

विषय समजून घेतला. समुद्राचा तळ खंडाच्या खाली सरकतो हे मला ठाऊक आहे; १९८० साली बी.एस्सी.ला आमच्या भूशास्त्राच्या पुस्तकात त्यावर दोन पानं होती, आणि सर ती जरा संशयानंच शिकवत. बहुतेक ठिकाणी हा तळ तिरका, खोल उतरतो. मैत्रीचे दगड अर्जेंटिनातल्या ज्या डोंगरांतले आहेत तिथे तो जवळजवळ आडवाच आत गेला, भाकरीखाली उलथनं सरकवावं तसा. ("आक्का, हे प्रबंधात घालू?" नको म्हटलं.) असं झालं की वरचे ज्वालामुखी विझत जातात. पण विझण्याआधी जो रस वर आला तो कुठला? खोल प्रावरणातला, की वरच्या जाड भूकवचाचाच तळ वितळून झालेला? नुसतं बघून कळत नाही. दगडाची पूड करायची आणि तिच्यातलं एकेक द्रव्य मोजायचं. स्ट्रॉन्शियम भरपूर आणि यिट्रियम अगदी कमी निघालं, तर रस जाड कवचाच्या तळाशी, गार्नेट असलेल्या खडकातून आला असं धरतात. गार्नेट यिट्रियमला धरून बसतं, वर जाऊ देत नाही.

तिचे चौतीस दगड आहेत. सव्वीस असेच निघाले. पूर्वेकडच्या आठांत मात्र टँटलम नावाचं द्रव्य जास्त आहे. त्यावरून ती आणि तिचे सर म्हणतात की पूर्वेला कवचाचा एक वेगळाच, फार जुना तुकडा खाली दडलेला आहे, आजवर कुणाला न दिसलेला. त्यावर लेख लिहून एका नियतकालिकाकडे धाडलाय. परीक्षकांनी तो उचलून धरलाय. शेवटचं उत्तर ३१ जानेवारीपर्यंत द्यायचं. लेख छापून आला की कॅनडातल्या विद्यापीठात दोन वर्षांची जागा जवळजवळ नक्की.

तिनं नकाशा दाखवला. पश्चिमेचे ठिपके निळे, पूर्वेचे आठ लाल. मध्ये रेघ मारावी इतके वेगळे. छान दिसतो. मुलांच्या प्रयोगवहीत इतकी सरळ रेघ आली की मी वही परत तपासायची.

असो. तिला तसं म्हटलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

गहू घेऊन गिरणीत गेले. जोतिबानं डबा घेतला. "हेडबाई, मका चाललाय. त्याच्यावर टाकू?"

"नको. गव्हावर गहू टाक. थांबते मी."

"अर्धा तास जाईल."

"जाऊ दे."

रांगेतली एक सून हसली. हसू दे. कशावर दळलं हे विचारल्याशिवाय मी पीठ घरात आणत नाही. ही सवय आईची. निपाणीला तंबाखूच्या वखारीतून सुटून आई दळण घेऊन जायची, तर गिरणीवाला तिचा डबा सगळ्यांचं झाल्यावर घ्यायचा. आमच्या वस्तीतल्या सगळ्या बायकांचं दळण शेवटी. काही बोलायची सोय नव्हती. एवढंच विचारता यायचं, की कशावर टाकतोस बाबा.

दुपारी प्रबंधातलं पद्धतीचं प्रकरण वाचलं. 'नमुन्यांची पूड केली.' बस. कशात केली, लिहिलेलं नाही. जेवताना विचारलं.

"चक्कीत, आक्का. हातानं कुटणार आहे का?"

"कसली चक्की?"

"अकीकाची. अकीक दगडासारखाच, त्यातून काही मिसळत नाही."

"चौतीसही?"

"तुझा भात गार होतोय," म्हणाली.

माझा भात गार होण्याची काळजी तिला आजवर कधी वाटलेली नाही.

२० जानेवारी, सोमवार

प्रयोगशाळेची वही मागितली. मुकाट्यानं दिली. अक्षर सुंदर आहे, ते माझं श्रेय.

पश्चिमेकडून सुरुवात करून क्रमानं दळत आणलेले. रोज तीन दगड. प्रत्येकानंतर चक्की वाळूनं घासायची, धुवायची, वाळवायची. पुढच्या दगडाची पहिली मूठ दळून टाकून द्यायची. हे वाचून बरं वाटलं. जोतिबाला दाखवावं. १७ ऑगस्टपर्यंत असंच. मग १९ ऑगस्ट या एकाच तारखेला एकदम आठ. कोपऱ्यात पेन्सिलीनं एवढंच: टं. का.

"हे काय?"

"टंगस्टन कार्बाइड. दुसऱ्या विभागातली चक्की. दोन मिनिटांत पूड होते."

"आणि काय मिसळतं?"

ती खिडकीकडे बघत म्हणाली, "टंगस्टन. कोबाल्ट. आणि थोडं टँटलम."

मी कोबाल्टचा रकाना विचारला. प्रबंधातल्या तक्त्यात तो नाहीच. तिनं लॅपटॉप उघडला. सव्वीस दगडांत आठ ते चौदा. शेवटच्या आठांत सत्तरच्या वर.

म्हणजे पूर्वेला जुना तुकडा वगैरे काही नाही. पूर्वेचे दगड फक्त शेवटी दळले गेले.

"तुला हे कधी कळलं?"

"नोव्हेंबरात बघितलं. मग तो रकाना काढून टाकला. सर इतके खूश होते, आक्का. मला वाटलं, थोडं चक्कीचं असेल, पण थोडं खरंही असेल."

"दोन-तीन दिवस थांबून अकीकात दळता आलं नसतं?"

"घाई होती."

"कसली घाई? ऑगस्टात कसली परीक्षा होती?"

"होती घाई," ती म्हणाली आणि खोलीत गेली.

इतका राग मला कित्येक वर्षांत आला नव्हता. चूक एक वेळ ठीक. पण रकाना पुसणं! मी वाढवलेली मुलगी.

२२ जानेवारी, बुधवार

दोन दिवस बोलणं फक्त भाजीपुरतं. मालुबाई घरकामाला येते, तिला कळतंच. "काय वो बाई, घरात कुनी मेलंय काय?" तिला भांडी घासायला सांगितली.

संध्याकाळी मीच विषय काढला. सरांना कळव म्हटलं.

"लेख मागे घ्यावा लागेल. कॅनडा जाईल."

"जाऊ दे."

"तुला म्हणायला सोपं आहे!" पहिल्यांदाच आवाज चढवला. "तू कधी काय गमावलंयस यातलं?"

कॉलेजात शैक्षणिक सहलीला मला एकदाही नेलं नव्हतं. मुलांनी आणलेले दगड बघून मी वही भरायची. पण तो विषय वेगळा.

मी तिला भाकरीचं सांगितलं. आजवर कधी सांगितलं नव्हतं. आमचा गिरणीवाला दिवसाच्या शेवटी त्याच जात्यावर लोकांचं तिखट दळायचा, आणि आमचं दळण त्याहून शेवटी, म्हणजे तिखटावर. आई भांडायला गेली की म्हणायचा, नको तर नेऊ नको. मग तांबूस पिठाच्या भाकरी. बुद्धप्रिय रडायचा. मी रडायची नाही. मला वाटायचं, ज्वारी अशीच असते. जातच तिखट. नऊ वर्षांची होईपर्यंत माझी तशी खात्री होती. मग शाळेतल्या बाईंनी एकदा आपल्या डब्यातली भाकरी दिली, ती गोड लागली, तेव्हा कळलं की ज्वारीचा काही दोष नव्हता.

मैत्री म्हणाली, "आजीला तू सांगितलंस? की तुला ज्वारीच तशी वाटत होती?"

"नाही. तिला वाईट वाटलं असतं."

एवढंच बोलणं झालं.

२३ जानेवारी, गुरुवार

तिनं सकाळी नऊला सरांना पत्र लिहिलं. मला दाखवलं. तीन स्वल्पविराम काढले. रकाना काढल्याचंही लिहिलं आहे, लपवलेलं नाही. मग बोट पाठवायच्या बटणावर. मी शेजारी उभी होते; खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण तोवर पत्र गेलं होतं.

अकराला सरांचा फोन आला. तिच्या बाजूनं फक्त "हो सर", "नाही सर". ठेवल्यावर सांगितलं, लेख मागे घेणार, आणि सर इतकंच म्हणाले की नोव्हेंबरात सांगितलं असतंस तर.

बरोबरच आहे त्यांचं.

पद्धतीच्या प्रकरणात नवं वाक्य मी सांगितलं: आठ नमुने संशोधकाच्या निष्काळजीपणामुळे टंगस्टन कार्बाइडच्या चक्कीत दळले गेले. तिनं मान खाली घालून जसंच्या तसं इंग्रजीत टाइप केलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

दगडांचे अर्धे तुकडे त्या पत्र्याच्या पेटीत आहेत, म्हणून पुन्हा दळता येतील. पूर्वेकडचे काढून मोजले तर सात. आठवा मिळेना. पेटी, खाट, कपाट, सगळं उलथंपालथं. मैत्री रडायच्या बेताला आली.

मालुबाई म्हणाली, "लिंबाच्या लोणच्याच्या बरणीवर काय हाय बघा की."

होता. झाकण हलतं म्हणून मीच सोमवारी ठेवला होता. वजनाला बरा वाटला. त्यावर पांढऱ्या रंगात आकडा लिहिलाय हे मी पाहिलं नव्हतं, चष्मा नव्हता.

मैत्री आधी हसली, मग हसतच राहिली. "आक्का, आता मिठाचं प्रमाण वाढलेलं निघणार!" मग स्वतःच म्हणाली, वरचा भाग फोडून टाकीन, आतला शुद्ध आहे. मी म्हटलं, हसण्यासारखं काही नाही.

उद्या पहाटेच्या गाडीनं पुण्याला जाणार. पेटी घेऊन.

२६ जानेवारी, रविवार

शाळेत झेंडावंदन करून आले. मालुबाई कट्ट्यावर बसली होती. घर रिकामं वाटतं असं ती म्हणाली. मी म्हटलं, महिना राहणार होती, पंधरा दिवसांत गेली, स्वतःच्या घाईपायी. कसली घाई होती ऑगस्टात, देव जाणे. सांगत पण नाही.

मालुबाईनं माझ्याकडे बघितलं. "बाई, खरंच आठवत न्हाय तुमास्नी?"

"काय?"

"तुमी पडलासा आन् तिला फोन केलासा की."

"मी नाही केला. तू केलास. मी तुला बजावलं होतं, तिला कळवू नको."

"पडल्या पडल्या बजावलासा. दुसऱ्या दिशी हाताला सूज चढली, ताप चढला, दवाखान्यात सुई दिली. मग तुमीच माजा फोन मागून घेतलासा. म्हनलासा, 'मैत्री, ये गं. लगेच ये.' मी फोन कानाला धरलोता तुमच्या. दोनदा म्हनलासा."

"मग प्लास्टर निघाल्यावर मी तुला बोलले, तिला का बोलावलंस म्हणून."

"बोललासा की. लई बोललासा."

"तू सांगितलं का नाहीस?"

"हात मोडल्यालं मानूस. त्येच्यासंगं काय भांडायचं?" ती उठली, पदर झटकला. "पोरगी दुसऱ्या सकाळी सातला दारात. तोंड धुतल्यालं न्हाय. नखात, केसात सगळी करडी पूड. मी म्हनलं, काय गं, गिरनीतनं उठून आलीस? तर म्हनली, व्हय मालुमावशी, तसंच म्हन."

डायरी काढली. १७ ऑगस्टला नोंद आहे: जोतिबाकडून ज्वारी आणली. त्यानंतर एकदम २९ सप्टेंबर, वेडंवाकडं अक्षर: मैत्री आज गेली. मधली पानं कोरी. मोडलेला हात उजवा होता.

मला वाटत होतं, मालुबाईचा फोन गेल्यावर ती सवडीनं, गणपतीच्या सुट्टीत आली होती.

मालुबाईला चहा दिला. आज मी केला.

९ फेब्रुवारी, रविवार

मैत्रीला फोन केला. एक गोष्ट बोलायची होती. ती म्हणाली, सर अजून तुटक बोलतात, पण अकीकाच्या चक्कीची वेळ त्यांनीच मिळवून दिली. रोज दोनच दगड दळते. मी विचारलं, मध्ये वाळूनं घासतेस ना. हो म्हणाली. पहिली मूठ टाकतेस ना. हो, आक्का. मग डब्याचं विचारलं, पांघरुणाचं विचारलं.

"आणखी काही?"

"नाही. हातोडी जपून वापर."

फोन ठेवला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा केला. पावसाळी चपलांबद्दल बोलले. फेब्रुवारीत.

२ मार्च, रविवार

मोजणी आली. आठही दगडांतलं जास्तीचं टँटलम गेलं. कोबाल्ट नऊ ते बारा. लोणच्याच्या बरणीवरचा दगडही इतरांसारखाच. पूर्वेला काही दडलेलं नाही. चौतीसच्या चौतीस दगड एकच सांगतात: तो तळ आडवा आत जात असताना वरचं कवच जाड झालं होतं, आणि त्याचाच खोल भाग वितळून या रसात आला. हे आधीही काहींनी म्हटलेलं आहे. तिनं ते या पट्ट्यापुरतं पक्कं केलं. शेवटचं प्रकरण चाळीस पानांवरून अकरावर आलं.

कॅनडाहून उत्तर आलं. यंदा जागा दुसऱ्याला दिली. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा. तिनं हे सांगताना आवाज नीट ठेवला होता. मीही ठेवला.

नकाशावरचे सगळे ठिपके आता निळे, म्हणाली. दिसायला काही खास नाही.

"खरा आहे ना?"

"हो."

"मग पुरे."

फोन ठेवल्यावर गिरणीत जायचं होतं. गेले नाही.

१३ एप्रिल, रविवार

मैत्री काल आली. उद्या चौदा एप्रिल. दरवर्षीप्रमाणे आम्ही निपाणीला, आईच्या वस्तीतल्या विहारात जाणार. प्रबंधाची छापील प्रत आणली आहे. पुढच्या आठवड्यात दाखल करायची. शेवटची नजर टाक म्हणाली.

लाल पेन घेऊन बसले. ती समोर शेंगा सोलत होती. पद्धतीच्या प्रकरणात मी सांगितलेलं वाक्य होतं, आणि पुढे ते आठ पुन्हा अकीकात दळल्याचं. निष्काळजीपणा हा शब्द मी खोडला. पेन जरा जोरात लागलं, कागद फाटला.

तिनं मान वर केली. "का? तूच घातलास."

"चुकीचा आहे."

"मग काय लिहू?"

"'घाईत' लिही. तेवढं खरं आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. शेंगा तशाच हातात. "मालुमावशीनं सांगितलं?"

"जानेवारीत."

"आणि तू आज बोलतेस?"

"तू ऑगस्टापासून बोलली नाहीस. मी इतकं टाकून बोलले तेव्हा तरी तोंड उघडायचं होतंस."

"तुला वाईट वाटलं असतं," ती म्हणाली, आणि परत सोलायला लागली.

पुढची चार पानं मी काय वाचली मला सांगता येणार नाही. स्वल्पविराम होते तसे राहिले. मग चष्मा काढून मी तिला स्पष्ट सांगितलं, की रकाना पुसलास ती चूक तुझीच आणि ती मी विसरणार नाही. आणि यापुढे कधी मी पडले, फोन केला, तर आधी हातातलं दळण नीट संपवायचं आणि मग निघायचं.

"न्हाय," ती अगदी मालुबाईसारखी म्हणाली. "दळण टाकून येणार. आल्यावर परत दळीन. तू फोन तेवढा कर."

उद्धट आहे. वळण लावण्यात माझंच कुठेतरी कमी पडलं असावं.

जेवणानंतर तिचा पुण्याचा नंबर पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दाराशेजारी खिळ्याला अडकवला, खाली बसूनही दिसेल इतक्या उंचीवर. मालुबाईसाठी. तिला अलीकडे बारीक दिसत नाही.